ऑपरेशनच्या सकाळची पित्ताची गोळी आणि एक कप चहा

विश्रामबागची सून (सांगली)

नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या घरी जे घडले, त्यावरून हा धागा काढत आहे. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. पित्ताशयात खडे निघाल्यामुळे दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे ठरले आणि आदल्या संध्याकाळी त्यांना दाखल केले. रात्री जेवणाआधी सिस्टरांनी त्यांना पॅन्टोप्रॅझोलची, म्हणजे पित्ताची, एक गोळी दिली, दुसरी गोळी पहाटे सहा वाजता दोन घोट पाण्यासोबत घ्यायची म्हणून कागदाच्या पुडीत बांधून उशाशी ठेवली आणि खाटेच्या पाटीवर इंग्रजीत 'रात्री १२ नंतर एनबीएम' असे लिहिले. एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही घ्यायचे नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

पहाटे साडेपाचला चहावाला मुलगा किटली घेऊन वॉर्डात आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी स्वतःसाठी चहा घेतला आणि मायेने एक कप सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन टोस्ट बुडवून खाल्ले, चहा प्यायला आणि सहा वाजता आठवणीने गोळीही घेतली. आठ वाजता भूलतज्ज्ञांनी विचारले, तेव्हा त्यांनी खरे तेच सांगितले : "चहा घेतलाय की. पण पित्ताची गोळी बी घेतली हाय." त्यावर शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. विट्याहून आलेली नणंद परत गेली आणि यजमानांची रजा वाया गेली. त्या वेळी मला रुग्णालयाचा फार राग आला होता. आता राग ओसरला आहे, पण प्रश्न उरला आहे. आम्ल कमी करण्याची गोळी घेतलीच होती, तर एका कप चहाने असा काय फरक पडतो? शिवाय सासूबाईंना जळजळ, करपट ढेकर असा कोणताही त्रास नाही. मग त्यांना ही गोळी दिलीच कशासाठी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. पुढची तारीख येत्या गुरुवारची आहे.

मिरजेतील भूलतज्ज्ञ

ताई, सर्वांत आधी तुमच्या सासूबाईंचे आभार मानतो. चहा घेतल्याचे त्यांनी लपवले नाही आणि त्यामुळे त्या सकाळी एक मोठा धोका टळला. तुम्हाला जो मनस्ताप झाला, त्यात आमच्या क्षेत्राचाही दोष आहे. पाटीवर तीन इंग्रजी अक्षरे लिहिली की रुग्णाला सारे कळले, असे आम्ही गृहीत धरतो आणि ते चूक आहे.

पूर्ण भूल दिल्यावर शरीरात काय होते, ते आधी सांगतो. जागेपणी पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेकडे गेला, तरी आपल्याला ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. भुलेत हा ठसका लागत नाही, शिवाय अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी जो स्नायूंचा आवळा असतो तोही सैल पडतो. अशा वेळी जठरात काही साठलेले असेल, तर ते घशापर्यंत येऊन विनाअडथळा फुप्फुसात उतरू शकते. अन्नाचे कण असतील तर श्वासमार्ग बुजतो. नुसता आंबट रस असेल तर फुप्फुसाचे अस्तर भाजल्यासारखे होते आणि रुग्णाला पुढे कित्येक दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागू शकते. कर्टिस मेंडेलसन या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींत त्याला असे ६६ प्रसंग आढळले होते. सशांवर प्रयोग करून त्याने हेही पाहिले, की फुप्फुसात गेलेला द्रव आम्लयुक्त असेल तरच ही भाजल्यासारखी इजा होते, आणि तोच द्रव आधी उदासीन (आम्लरहित) केला तर तसे होत नाही. शस्त्रक्रियेआधी जठरातले आम्ल कमी करण्याचा विचार तेथून रुजला.

आता चहाकडे येतो. धोका दोन गोष्टींवर ठरतो : जठरातला रस किती आंबट आहे आणि तो किती आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत रसाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका लहान तितका रस आंबट) २.५ पेक्षा कमी आणि त्याचे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.४ मिलिलिटरपेक्षा अधिक, म्हणजे साठ किलोच्या माणसात सुमारे २५ मिलिलिटर, अशी मर्यादा पूर्वापार दिलेली असते. या आकड्यांवर पुष्कळ वाद झाले आहेत आणि मी स्वतः त्यांना लक्ष्मणरेषा मानत नाही, परंतु आम्लता आणि प्रमाण या दोन वेगळ्या बाबी आहेत, एवढे त्यांवरून नक्की समजते. पॅन्टोप्रॅझोल यांतील पहिल्या बाबीवर काम करते. कपभर चहा आणि दोन टोस्ट हा दुसऱ्या बाबीचा प्रश्न आहे, आणि त्यावर त्या गोळीचा काहीही उपयोग नाही.

आपण सांगलीकर ही गोष्ट पटकन समजू शकू. पावसाळ्यात कोयना धरणाचे दरवाजे बंद झाल्याची बातमी आली, म्हणून सांगलीतल्या आयर्विन पुलाखालचे पाणी त्याच क्षणी उतरत नाही. जे पाणी आधीच सुटले आहे, ते वाहून जायला त्याचा वेळ लागतोच. ही गोळी म्हणजे दरवाजे बंद करणे आहे. जठरात आधीच असलेले आम्ल ती नाहीसे करत नाही आणि जठर रिकामेही करत नाही. जठर रिकामे होते ते केवळ वेळेने. साधे पाणी २ तासांत पुढे जाते. आईच्या दुधाला ४ तास धरतात. दूध, दुधाचा चहा आणि टोस्टसारखा हलका नाश्ता यांना ६ तास, तर तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण असेल तर ८ तास धरतात. दूध जठरात गेल्यावर त्याचे दही होते आणि ते घन अन्नासारखे वागते, म्हणून कोऱ्या चहाला पाण्याचा नियम लागतो आणि दुधाच्या चहाला अन्नाचा. साडेपाचचा चहा म्हणजे सकाळी साडेअकराच्या आधी भूल देता आली नसती.

तासगावची लेक

डॉक्टर, आपण फार स्पष्ट सांगितलेत. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सीझर करायचे ठरले, तेव्हा शस्त्रक्रियागृहात नेण्याच्या अगदी आधी मला छोट्या प्लास्टिकच्या पेल्यातून एक पातळ औषध प्यायला दिले होते. चव खारट-आंबट आणि इतकी विचित्र होती, की माझ्या अंगावर शहारा आला. ते पोटात टिकते की उलटून पडते, अशी मला भीती वाटली. सलाईनमधूनही दोन इंजेक्शने दिली. मला तर पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखाली बधिर केले होते आणि मी पूर्ण जागी होते. बाळाचा पहिला आवाज मी ऐकला. मग ठसका शाबूत असतानाही या सगळ्याची गरज का होती?

मिरजेतील भूलतज्ज्ञ

तुम्हाला दिलेले औषध बहुधा सोडियम सायट्रेट असावे. ते साधारणपणे ०.३ मोलर तीव्रतेचे ३० मिलिलिटर देतात. या साऱ्या औषधांमध्ये तेच एक असे आहे, जे जठरात आधीच साठलेल्या आम्लात मिसळून काही मिनिटांत त्याची तीव्रता उतरवते. मात्र त्याचा प्रभाव अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर टिकतो, म्हणून ते अगदी शेवटच्या क्षणी पाजतात. त्यामुळे जठरातले प्रमाण तेवढ्या ३० मिलिलिटरने वाढते, हा त्याचा तोटा आहे आणि तो जाणूनबुजून पत्करलेला असतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरात जळजळीसाठी जे दाट, पांढरे किंवा गुलाबी अँटासिड असते, ते सायट्रेटच्या जागी चालत नाही. त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे बारीक कण तरंगत असतात आणि ते कण फुप्फुसात गेले तर स्वतःच इजा करतात. सोडा असलेली फसफसणारी पूडही त्या सकाळी घेऊ नये, कारण तिच्यामुळे जठरात वायू भरतो.

पाठीतल्या इंजेक्शनाबद्दल तुमची शंका योग्य आहे. त्या भुलेत रक्तदाब एकाएकी उतरून मळमळ आणि उलटी होऊ शकते, आणि बधिरपणा अपुरा पडला किंवा रक्तस्राव वाढला तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते. त्या क्षणी मागे जाऊन गोळी देता येत नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत वाढलेले गर्भाशय जठराला वर दाबते, संप्रेरकांमुळे अन्ननलिकेचा आवळा सैल झालेला असतो आणि कळा सुरू झाल्या की जठर फार सावकाश रिकामे होते. म्हणून सीझरच्या वेळी आम्ही ही काळजी सहसा वगळत नाही.

औषधविक्रेता, गावभाग

मी गेली बावीस वर्षे औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून गोळ्यांविषयी थोडे लिहितो. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, राबेप्रॅझोल या गोळ्या ते पंप कायमचे निकामी करतात. शरीर नवे पंप तयार करेपर्यंत आम्ल कमी राहते, त्यामुळे औषध रक्तातून काही तासांत निघून गेले तरी परिणाम दिवसभर टिकतो. परंतु ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच पकडते. सगळे पंप एकाच वेळी चालू नसतात, म्हणून एका गोळीत पूर्ण काम होत नाही. शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्री एक आणि सकाळी एक अशी जोडी देतात ती यामुळेच. या गोळीवर जे आवरण असते, ते तिला जठरातल्या आम्लापासून वाचवून आतड्यापर्यंत पोहोचवण्यासाठी असते. गिळायला त्रास होतो म्हणून कित्येक जण गोळी फोडून किंवा पाण्यात विरघळवून घेतात, तेव्हा ते आवरणच नष्ट होते आणि गोळी वाया जाते.

दुसरा गट रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीनचा आहे. आम्ल सोडायला सांगणाऱ्या हिस्टामीन या रसायनाचा निरोप पेशीपर्यंत पोहोचू न देणे, हे त्यांचे काम. या घराण्यातले बाजारात यशस्वी ठरलेले पहिले औषध सिमेटिडीन हे १९७६ साली ब्रिटनमध्ये आले, आणि त्यामागच्या संशोधनात मोलाचा वाटा असलेल्या सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फॅमोटिडीनची गोळी तासाभरात लागू पडते, त्यामुळे फक्त त्याच सकाळी एक मात्रा द्यायची असेल, तर हा गट अधिक भरवशाचा मानतात.

आजही वयस्कर मंडळी 'ती जुनी, वासाची गोळी द्या' म्हणून रॅनिटिडीन मागतात. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, त्या औषधात एनडीएमए हा कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेला घटक वाढतो असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले. आपल्याकडे त्यावर सरसकट बंदी आली नाही, मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले गेले.

डॉक्टरांनी सायट्रेटचा उल्लेख केला, म्हणून एक विनंती करतो. लघवीच्या जळजळीवर मिळणाऱ्या सरबतावर नावात 'सायट्रेट' असते. ते वेगळ्या कामाचे, वेगळ्या तीव्रतेचे औषध आहे. नाव सारखे दिसते म्हणून ते घरून पिऊन शस्त्रक्रियेला जाऊ नये.

परिचारिका, कुपवाड

मी वॉर्डात काम करते. पहाटेची ती गोळी देणे, ही आमच्या पाळीतली जबाबदारी असते. रुग्णाच्या उशाशी पुडी ठेवून जाणे मला पटत नाही. मी स्वतः गोळी हातावर ठेवते, औषधाच्या मापाच्या झाकणाने तीस मिलिलिटर पाणी मोजून देते आणि गिळेपर्यंत उभी राहते, कारण तांब्या हातात दिला की तहानलेला माणूस तो तोंडाला लावतो. त्याच वेळी मी विचारते, की रात्री बारानंतर पोटात काय गेले. 'काही खाल्ले का' असे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणतात, कारण चहा हे आपल्याकडे खाणे समजले जात नाही. 'चहा घेतला का, बिस्किट घेतले का, मशेरी लावली का' असे एकेक नाव घेऊन विचारावे लागते. आमच्या भागातल्या अनेक आजींना मशेरी लावल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. तीही भूलतज्ज्ञांना सांगितलीच पाहिजे.

मेटोक्लोप्रामाइडच्या इंजेक्शनाबद्दलही लिहिते. ते आम्ल कमी करत नाही. जठर लवकर रिकामे व्हावे आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा आवळा घट्ट व्हावा म्हणून ते देतात. शिरेतून भरकन दिले तर रुग्णाला एकदम विलक्षण बेचैनी वाटते, म्हणून मी दहा मिलिग्रॅम द्यायला घड्याळाकडे बघत दोन मिनिटे घेते. एकदा एका विशीतल्या मुलीची मान एका बाजूला वळली आणि जबडा ताठ झाला. घरच्यांना वाटले, झटका आला. योग्य इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात ती पूर्ववत झाली, पण तिच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. असा त्रास पूर्वी झाला असेल, तर तो आधी सांगावा. आतड्याला अडथळा असलेल्या रुग्णाला हे औषध देत नाहीत.

आटपाडीचे निवृत्त शिक्षक

माझी हर्नियाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. मला सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. पित्ताची गोळी मी चार वर्षे रोज घेतो. दोन महिन्यांपासून वजन आणि साखर यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे नवे इंजेक्शन सुरू केले आहे. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते. मी त्या दिवशी नेहमीची गोळी घ्यावी की बंद ठेवावी?

मिरजेतील भूलतज्ज्ञ

सर, आपण हे विचारलेत ते फार बरे झाले. नेहमीची पित्ताची गोळी सहसा बंद करायची नसते. ती त्या दिवशीही पहाटे घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे नियम मात्र निराळे आहेत. त्यांतील काही थांबवाव्या लागतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून भूलपूर्व तपासणीला घेऊन जा.

आपल्या बाबतीत मला अधिक चिंता जठर रिकामे होण्याची वाटते. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात आणि रात्रीचे जेवण सकाळपर्यंत पोटात राहू शकते. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड या नव्या औषधांचा तर गुणच जठर सावकाश रिकामे करण्याचा आहे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये आठवड्याचे इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी एक आठवडा थांबवण्याचा सल्ला दिला होता. २०२४ मध्ये इतर संघटनांबरोबर तो बदलून रुग्णागणिक निर्णय घ्यावा आणि धोका जास्त असल्यास आदले २४ तास केवळ पातळ आहार द्यावा, असे सुचवले. आपण नुकतेच सुरू केले आहे आणि पोट भरल्यासारखे वाटते आहे, या दोन्ही गोष्टी भूलतज्ज्ञांना आजच कळवा. आपल्या मनाने इंजेक्शन थांबवू नका. गरज पडली तर सोनोग्राफीने जठर रिकामे आहे की नाही, हे भूल देण्याआधी पाहता येते.

विश्रामबागच्या ताईंचा दुसरा प्रश्न राहिला होता. त्रास नसलेल्या, ठरवून शस्त्रक्रिया होणाऱ्या निरोगी रुग्णाला ही औषधे सरसकट देऊ नयेत, असे त्याच अमेरिकी संघटनेच्या सूचनांत म्हटले आहे. आपल्याकडे ती बहुतेक सगळ्यांना दिली जातात, आणि त्यात सवयीचा भाग मोठा आहे, हे मी मान्य करतो. सासूबाईंच्या बाबतीत पोटात वायू भरून दुर्बीण घालायची असल्याने जठरावर दाब येणार होता, म्हणून मीही कदाचित गोळी दिली असती. भीती वाटू नये म्हणून एक आकडा देतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८५ ते १९९१ या काळातील २,१५,४८८ पूर्ण भुलींचा आढावा घेतला, तेव्हा फुप्फुसात जठरातला द्रव गेल्याचे ६७ प्रसंग निघाले, म्हणजे सुमारे ३,२०० मागे एक. तातडीच्या शस्त्रक्रियांत मात्र हे प्रमाण सुमारे ९०० मागे एक होते. अपघात किंवा फुटलेले अपेंडिक्स उपवासाची वाट पाहत नाही. तेव्हा आम्ही नळी घालून जठर रिकामे करतो, आम्ल कमी करणारे इंजेक्शन देतो आणि ठरावीक घाईच्या पद्धतीने श्वासनलिकेत नळी बसवतो. ठरवलेल्या शस्त्रक्रियेत हा धोका पत्करण्याचे कारणच नसते.

औषधविक्रेता, गावभाग

शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांमुळे जठराला इजा होऊ नये म्हणून हीच गोळी पाच-सात दिवस लिहून देतात. पुढे कोणी बंद करायला सांगत नाही आणि माणसे वर्षानुवर्षे रिकामे पाकीट दाखवून नवे नेतात. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. घरी जाण्याच्या दिवशीच 'ही किती दिवस' असे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

विश्रामबागची सून (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल, गुरुवारी, शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. या वेळी रात्रभर मी स्वतः खाटेशेजारी थांबले. पाटीवर मी मराठीत 'चहा, दूध, बिस्किट काही नाही' असे लिहून घेतले आणि किटली आल्यावर शेजारच्या नव्या बाईंनाही कारण सांगितले. तहान लागली म्हणून भूलतज्ज्ञांना विचारून सासूबाईंना साडेपाचला अर्धा पेला साधे पाणी दिले. मागच्या वेळी त्या उपाशी आणि तहानलेल्या राहतील म्हणूनच कोणीतरी चहा पुढे केला होता, हे मला आता कळते आहे. सहाला गोळी दिली. साडेआठला आत नेण्याआधी सिस्टरांनी शेवटचे काय आणि कधी घेतले असे विचारले, तेव्हा मी उत्तर देणार तोच सासूबाई म्हणाल्या, "सहाला गोळी, दोन घोट पाण्यासंगं. चहा न्हाई, मशेरी बी न्हाई."